पखाल्याची टाकी

पितांबरला पाणी आणायचं होतं. काम एवढंच. पोरीचं लग्न दुसऱ्या दिवशी, गावच्या विहिरीत बादली खरवडून वर यायची, आणि वऱ्हाड बोदवडहून येऊन शाळेत उतरलेलं. टँकर भरून आणायचा, मांडवाशेजारी उभा करायचा आणि झोपायचं.

ही गोष्ट आमचे सासरे निंबा नाना सांगतात. मागच्या उन्हाळ्यात लाईट गेली, अंगणात बाजा टाकलेल्या, घरातली आणि शेजारची पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. मी भांडी घासत ऐकत होते. मला भुतांच्या गोष्टींचा राग येतो. भुताच्या नावावर बायांना झोडपलेलं मी पाहिलंय. म्हणून मी मधेमधे तोंड घातलं, आणि घातलं ते इथं लिहिलंही आहे. नानांनी काही गाळलं असेल तर ते त्यांचं त्यांना माहीत.

साल त्यांनी पक्कं सांगितलं. ब्याण्णव. वैशाखातली संकष्टीची रात्र. गाव हिंगणखेडं, बोदवडहून जामनेरकडं येताना लागतं ते.

"रात्री कशाला गेला पाण्याला?" मी विचारलं. "दिवस काय वाळत घातला होता?"

"शेतीची लाईट रात्रीच यायची, बाई. बोदवडच्या पलीकडच्या केळीवाल्याच्या विहिरीवरची मोटर रात्रीच चालायची. हौस नव्हती त्याले."

हे मला पटलं. रात्रीचं पाणी आम्हीही भरलंय.

टँकर पितांबरचा नव्हता. होणाऱ्या व्याह्यांचा होता. नवऱ्या मुलाचे आजोबा जीवराम आबा, बोदवडचे, त्यांचा. आणि तो टँकर आताच्यासारखा गोल पोटाचा नव्हता. लांबट चौकोनी पेटी, बोटभर जाड लोखंडाची, वर माणूस जाईल एवढं तोंड आणि त्याला झाकण. ती ट्रॉलीवर बसवलेली. पेटी होती इंजिनाची. आगगाडीच्या.

"इंजिनात टाकी कुठं असते नाना?" आमचा धाकटा म्हणाला. "पाण्याचा डबा तर मागून जोडतात."

नाना याचीच वाट पाहत होते. इंजिनाचं नाव निघालं की म्हाताऱ्याला तंबाखूही लागत नाही.

"मोठ्या इंजिनाले मागं डबा. याले नही. हे आपलं पाणी आपल्या अंगावर घेऊन चालायचं. बॉयलरच्या या बाजूले एक टाकी, त्या बाजूले एक. पाण्याच्या पखाली लादलेला बैल पाह्यला का तुम्ही? नही पाह्यला. तुमच्या नशिबी नळ. आम्ही पाह्यलाय. म्हणून आम्ही त्याले म्हणू पखाल्या."

मग त्यांनी पखाल्याची सगळी कुळकथा सांगितली. एकाच साच्यातली ती इंजिनं, विलायतेहून जहाजात सुटी करून आणली, मुंबईला जोडली. आपल्याकडं रूळ नवे होते तेव्हा. मागं डबा नाही म्हणून उलटंसुलटं कसंही पळायचं, तोंड फिरवायला चक्र लागायचं नाही. साहेब लोक खूश. पण घाटात घातल्यावर खोड कळली. पाणी भरलेलं असलं की जड, चाक रुळाला धरून. पाणी संपत आलं की अंग हलकं, आणि नेमकी चढावर चाकं घसरायची. जितकं पुढं जायचं तितकी ताकद कमी. मग घाटातून काढली, सपाटीवर आणली. सपाटीवर मोठी इंजिनं आली, तेव्हा यांना यार्डात डबे ढकलायला ठेवलं. मग तिथूनही काढली. कुणी खाणीत गेलं, कुणी साखर कारखान्यात, कुणी लढाईच्या वेळी जहाजात घालून परत परदेशी. नाना म्हणतात, जुने ड्रायव्हर त्यांना सांगायचे ते हे असं. शेवटचा एक पखाल्या बोदवडला आला, एका जिनिंग मिलमधे. स्टेशनापासून मिलपर्यंत रूळ होते. सरकीच्या, गाठींच्या वाघिणी ओढायचं काम. ती मिल आता नाही. रूळ मात्र एका ठिकाणी रस्त्यात गाडलेले अजून दिसतात.

"मी त्या मिलमधे होतो," नाना म्हणाले. "पितांबरचा बाप आधार होता. अन् जीवराम होता."

आता हे नीट ऐका, असं नाना म्हणाले, म्हणून मीही नीट लिहिते.

आपल्याकडचं पाणी खारं. टाकीत आतून खाराचा थर धरतो. तो खरवडावा लागतो. विलायतेला पाणी गोडं, म्हणून बनवणाऱ्यानं खाली दार ठेवलंच नाही. पुढच्या इंजिनांना ठेवलं म्हणे. या पहिल्यांना नाही. म्हणून माणसानं वरच्या तोंडातून आत उतरायचं, आत ओणवं बसून छिन्नीनं थर काढायचा. आणि दोन्ही टाक्या खालून एका नळानं जोडलेल्या. एकीत पाणी सोडलं की दुसरीतही चढणार.

म्हणून मिलमधली एक रीत होती. पाणी सोडायच्या आधी पान्यानं टाकीवर तीनदा ठोकायचं. आत माणूस असला तर तो दोनदा ठोकणार. दोन ठोके आले तर थांबायचं. नाही आले तर पाणी सोडायचं. साहेब असो, ड्रायव्हर असो, ठोकल्याशिवाय पाण्याला हात नाही.

"आधार डाव्या टाकीत होता," नाना म्हणाले. "रविवार. मिल बंद. जीवरामनं उजव्या टाकीत पाणी सोडलं."



"अन् डावीचं झाकण?" मी म्हटलं.

"पडलेलं होतं. वाऱ्यानं पडलं म्हणे."

"बोटभर लोखंडाचं झाकण वाऱ्यानं पडायला ते काय पत्रावळ होती?"

"तेच द्रौपदाबाई म्हणायची," नाना म्हणाले. द्रौपदाबाई म्हणजे आधारची बायको, पितांबरची आई. आधार संध्याकाळी घरी आला नाही म्हणून तीच मिलमधे विचारत आली. पितांबर तेव्हा तिच्या कडेवर. तिच्यासमोर झाकण उघडलं.

पंचनाम्यात अपघात लागला. वैशाखाचं ऊन, लोखंडाची पेटी, आत जीव घाबरला असेल, आधार आधीच बेशुद्ध पडला असेल, त्याला ठोका ऐकूच आला नसेल. होऊ शकतं. मी म्हणत नाही होऊ शकत नाही. पण म्हातारा ड्रायव्हर त्याच महिन्यात निवृत्त व्हायचा होता, आणि पखाल्यावर त्याच्या जागी आधारचं नाव लागलेलं होतं. अख्ख्या भागात पखाल्या एक, त्याची ड्रायव्हरची जागा एक. आधार गेला. जीवराम ड्रायव्हर झाला.

द्रौपदाबाईनं त्याला तेराव्याला एवढंच विचारलं होतं. सगळ्यांसमोर.

"ठोकलं होतं का?"

"ठोकलं, वहिनी. दोन्ही टाक्यांवर."

"अन् त्यानं?"

"काही नही आलं."

पुढं मिल बुडाली. पखाल्या गेटाजवळ बरीच वर्षं उभा राहिला, मग गॅसनं कापून भंगारात गेला. एक टाकी जीवरामच्या मुलानं घेतली, ट्रॉलीवर बसवली, उन्हाळ्यात गावोगाव पाणी नेऊ लागला.

"कोणती टाकी?" मी विचारलं.

"उजवी, असं जीवराम सांगे. डावी भट्टीत गेली म्हणे."

"दोन सारख्या टाक्या. वर निळा रंग फासलेला. कोण ओळखणार?"

"कोणी नही," नाना म्हणाले.

असल्या घरात पितांबरनं पोरगी द्यायचं ठरवलंच कसं, हे मला पहिल्यांदा कळेना. पण जीवराम स्वतः चालत आला होता म्हणे. म्हातारा झालेला, मान हलायची. म्हणाला, तुमची कुंदा आमच्या घरी द्या, मरायच्या आधी दोन्ही घरं एक झालेली पाहू द्या. मुलगा चांगला, शिकलेला, दारू नाही. पितांबर लहानपणापासून बापाच्या मरणाचा संशय ऐकून कंटाळला होता. ज्याला तोंड नाही असा संशय किती वर्षं पोसायचा? त्याला सुटायचं होतं. तो हो म्हणाला. द्रौपदाबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. हळदीच्या दिवशी मांडवात पाऊल टाकलं नाही तिनं. मागच्या अंगणात जात्याजवळ बसून राहिली.

म्हणजे पोरगी उद्या त्या घरात जाणार होती. एकदा गेली की गेली. मग खरं काय ते कळलं काय आणि न कळलं काय.

तर पितांबर टँकर घेऊन निघाला. ट्रॅक्टर चालवायला जीवरामचा माणूस, धनसिंग. तो तिकडचा, धुळ्याकडचा, सोनगीरचा. त्याचं बोलणं आमच्या पोरांना हसवतं म्हणून नानांनी ते तसंच करून दाखवलं. त्याचा संकष्टीचा उपास होता. विहिरीवर पोचल्यापासून त्याची मान आभाळाकडं.

"चांद निंघना का, भाऊ?"

"नही अजून."

"पोटमा कावळा वरडी ऱ्हायनात."

"मग खाऊन घे. गणपती काय विहिरीवर पाह्यला येतो?"

"नही भाऊ. तो बठ्ठं देखस." म्हणजे सगळं पाहतो.

मोटर चालू झाली. पाइप टाकीच्या तोंडात. केळीत काळोख, पाण्याचा आवाज, बाकी काही नाही. टाकी किती भरली ते अंधारात दिसेना. पितांबरनं खाली पडलेला पाना उचलला आणि बाहेरून ठोकून पाहिलं. पोकळ वाजलं तर रिकामी, बद्द वाजलं तर भरलेली. टँकरवाले असंच पाहतात. पण त्याचा हात मिलवाल्याच्या घरातला. हात आपसूक तीनदा गेला.

टण. टण. टण.

आतून आलं... दोनदा.

त्याला वाटलं, पाइप हलला. त्यानं पाइप बाहेर ओढला. पाणी जमिनीवर पडू लागलं. धनसिंग ओरडला, "काय करी ऱ्हायना भाऊ?"

"मोटर बंद कर."

मोटर बंद झाली. आता आवाज कसलाच नाही. रातकिडेसुद्धा नाहीत, असं पितांबरनं नंतर सांगितलं. त्यानं परत ठोकलं. तीनदा. मुद्दाम.

वाट पाहिली.

आतून... दोन. खालून. पाण्याच्या खालून.

"थांबा नाना," मी म्हटलं. "दिवसभर उन्हात तापलेली टाकी. त्यात विहिरीचं गार पाणी. लोखंड आक्रसतं, वाजतं. आमच्या गोठ्याचे पत्रे रोज रात्री वाजतात. त्यात कोण बसलाय, तुमची म्हैस?"

पोरं हसली. नाना हसले नाहीत.

"पत्रा वाजतो," ते म्हणाले. "पण विचारल्यावर वाजतो का? मोजून वाजतो का?"

"मग धनसिंगनं वाजवलं. जीवरामचाच माणूस ना तो?"

"धनसिंग मोटरीपाशी होता. हाकेच्या अंतरावर. अन् जीवरामचा माणूस हे काहून करीन? जीवरामले यात काय मिळतं?"

मी परत भांड्यांना लागले, पण मान डोलावली नाही.

धनसिंग जवळ आला. त्यानंही ऐकलं.

"भाऊ... आत कोनी शे का?"

"पाणी आहे."

"पानी ठोकस का?"

धनसिंगनं खालच्या तोटीला हात घातला. "सोडी दिऊत. बठ्ठं पानी आठेच सोडी दिऊत."

पितांबरनं त्याचं मनगट धरलं. "सोडायचं नही."

"भाऊ, चांगलं नही हाई."

"सकाळी वऱ्हाड तोंड कशानं धुईन? तुह्या थुंकीनं? आहे तसं चाल."

तोंडानं हे बोलला. मनात दुसरंच होतं. उद्या पोरगी जाणार. विचारायचं तर आज रात्रीच.

त्यानं वर चढून झाकण लावलं नाही. उघडंच ठेवलं. पाणी हिंदकळून रस्त्यावर सांडू दे म्हणाला, पण झाकण लावायचं नाही. तो स्वतः ट्रॉलीत टाकीला पाठ लावून बसला. धनसिंगनं ट्रॅक्टर सुरू केला. चंद्र निघाला होता. धनसिंगनं वर पाहिलं नाही. उपास सोडायचाही राहिला.

रस्ता उखडलेला. खड्डा आला की पाणी आदळायचं, पितांबरच्या डोक्यावर पडायचं. ठोका नाही. बरंच अंतर काहीच नाही. पितांबरला वाटू लागलं की आपण उगाच घाबरलो. त्याला जरा हसूही आलं म्हणे.

मग ते रूळ आले. मिलचे. रस्त्यात गाडलेले.

ट्रॅक्टरची पुढची चाकं गेली. मागची गेली. ट्रॉलीची चाकं रुळावर चढली...

ठोका आला. कोणी न विचारता.

एक. दोन. तीन.

पितांबरच्या पाठीला. आतून. तिथंच, जिथं तो टेकला होता.

हे उत्तर नव्हतं. तीन म्हणजे विचारणं. बाहेर कोणी आहे का?

धनसिंगनं ब्रेक मारला. मागं वळला नाही. नुसता बसून राहिला, दोन्ही हात स्टेअरिंगवर, रामाचं नाव पुटपुटत.

पुन्हा. तीन.

पितांबरच्या हातात पाना होता. त्याचा बाप गेला तेव्हा तो आईच्या कडेवर होता. त्याला बापाचा चेहरा आठवत नव्हता. आवाज आठवत नव्हता. त्यानं पाना उचलला. दोनदा ठोकलं.

मी आहे.

मग आत शांत झालं. घरापर्यंत शांत.

इथं नाना थांबले. पाणी मागितलं. नातवानं तांब्या दिला. नाना प्यायले नाहीत, तांब्या हातात धरून बसले. मी भांडी घासायची थांबले होते, ते मला तेव्हा कळलं.

"पुढचं मी माह्या डोळ्यानं पाह्यलं," ते म्हणाले. "मी मांडवात होतो."

मांडवात बाया जागत होत्या, हळदीची गाणी चाललेली. कुंदा पाटावर, गाल पिवळे, डोळ्यात झोप. जीवराम वऱ्हाडातून उठून इकडं आला होता, बाजेवर बसून सगळ्यांशी गोड बोलत होता. टँकर आला तसा म्हणाला, "आलं पाणी! आता काही काळजी नही."

पितांबर सरळ मागच्या अंगणात गेला. आईशी काय बोलला ते कोणी ऐकलं नाही. थोड्याच वेळानं द्रौपदाबाई मांडवात आली. दिवसभरात पहिल्यांदा. गाणी आपोआप बंद पडली. तिच्या हातात पाना होता. तो तिनं जीवरामच्या मांडीवर ठेवला.

"ठोक."

"काय वहिनी?"

"टाकीवर ठोक. पाणी सोडायच्या आधी ठोकतात. विसरला का?"

"लग्नाच्या घरात काय खेळ लावला," जीवराम हसत म्हणाला. "पोरांनो, आजीले झोपवा जा."

त्याचा मुलगा म्हणाला, "आबा, ठोका न एकदा. म्हातारीचं समाधान." त्याला काय माहीत?

जीवराम उठला. टाकीजवळ गेला. पाना उचलला. दोनदा ठोकून पाना खाली ठेवू लागला.

"तीन," द्रौपदाबाई म्हणाली. "तुले येतं."

त्यानं तिसरा ठोका मारला. हळू. बोटानं मारल्यासारखा.

मांडवात साठसत्तर माणूस. लहान पोरंही जागी. कोणी खोकलं नाही.

...

टण.

...

टण.

बायांमधली एक मटकन खाली बसली. नाना म्हणतात, त्यांच्या स्वतःच्या दातांपर्यंत तो आवाज आला. कुंदा पाटावरून उठली होती.

द्रौपदाबाईनं जीवरामकडं पाहिलं. आवाज चढवला नाही तिनं. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं.

"काय आलं?"

जीवरामची मान हलत होती. ती थांबली.

"काही नही आलं," तो म्हणाला.

मांडवातल्या प्रत्येकानं ऐकलं होतं. आणि प्रत्येकानं हेही ऐकलं. तोच माणूस. तेच शब्द. तेराव्याला ज्या आवाजात म्हणाला होता, त्याच आवाजात. एकही अक्षर अडखळलं नाही.

"बहिरा झाला असेल म्हातारा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "वयच होतं ते."

"मलेही तसंच वाटलं," नाना म्हणाले. "वाटायले हवं होतं. पण मागून कोणीतरी हळूच, ओठातल्या ओठात, एक शब्द बोललं. खुनी. अन् जीवरामनं मान वळवली."



"मग?"

"मग कुंदा आजीजवळ गेली. म्हणाली, 'आजी, माह्या अंगावरची हळद काढ.' पितांबरले विचारलं नही, कोणाले विचारलं नही. द्रौपदाबाईनं आपल्या पदरानं तिचे गाल पुसले. घरात होतं तेवढं पाणी आणून पुसले. टाकीचं नही."

वऱ्हाड रात्रीच निघालं. भांडण झालं नाही, हे सगळ्यात वाईट, असं नाना म्हणाले. भांडण झालं असतं तर कोणीतरी काहीतरी बोललं असतं. मुलगा, नवरा मुलगा, शेवटी शाळेच्या दारात थांबला. आजोबाला म्हणाला, "आबा, तुम्हाला खरंच ऐकू नाही आलं?" जीवरामनं त्याचा हात धरला. त्यानं हात सोडवून घेतला. धनसिंग तर ट्रॅक्टरची चावी बाजेवर टाकून पायीच गेला होता, सोनगीरला, की कुठं, परत कोणाला दिसला नाही.

कुंदाचं पुढं जामनेरला चांगल्या घरी झालं. जीवराम गेला दोन वर्षांनी, अंथरुणात. शेवटपर्यंत कोणापाशी काही बोलला नाही.

"आणि टँकर?"

"न्यायले कोणी आलंच नही. ट्रॅक्टर नेला, ट्रॉली तिथंच सोडली. पितांबरनं दुसऱ्या दिवशी तोटी उघडून पाणी सोडून दिलं. तेव्हापासून त्यात थेंब घातला नही कोणी. त्याच्या अंगणात उभी आहे. जाऊन पाह्य."

तेवढ्यात लाईट आली. पोरं उठली. नाना झोपले. मी झोपले नाही.

मी अशी आहे की मला पाहिल्याशिवाय करमत नाही. चार दिवसांनी बाजाराच्या निमित्तानं हिंगणखेड्याला उतरले. भर दुपार. वैशाखच. कुत्रीसुद्धा सावलीला.

टाकी होती. निळा रंग उडालेला. तोटी उघडी, खालची जमीन फुटलेली, भेगा पडलेल्या. मी ट्रॉलीवर चढून झाकणाच्या तोंडातून आत पाहिलं. कोरडं. गंज, पालापाचोळा, कोळ्याचं जाळं. पाण्याचा वाससुद्धा नाही.

खाली उतरले तर द्रौपदाबाई बसलेली. पार म्हातारी. टाकीच्या शेजारी पाटावर. हातात ओला पदर. तिनं नुसतं सरकून मला जागा करून दिली.

तेव्हा मी पाहिलं. टाकीच्या बाहेरच्या पत्र्याला घाम आलेला होता. गार पाण्यानं भरलेल्या माठाला येतो तसा. तळापासून वर, एका सरळ ओळीपर्यंत. आत ओणवा बसलेला माणूस असता, तर ती ओळ त्याच्या ओठांना लागली असती. ओळीच्या वर कोरडं.

मी हात लावून पाहिला. ओळीच्या वर लोखंड उन्हानं एवढं तापलेलं, की तळहात भाजला. ओळीच्या खाली ते बर्फासारखं गार होतं.